पोट पोराचं दुखतंय, झोप तुमची उडालीय

ताई, तुम्ही लिहिलेलं मी तीन वेळा वाचलं. मला नीट समजलंय का ते आधी सांगते, काही चुकत असेल तर तुमच्या लक्षात येईल. हर्णैजवळचं गाव, मिस्टरांची भावाबरोबर भागीतली बोट. गेले दोन हंगाम तोट्यात गेले, डिझेल, बर्फ, खलाशांना दिलेली उचल सगळं अंगावर आलं, बँकेचे हप्ते थकले आणि तुमचं सोनं पतपेढीत गहाण पडलंय. १ जूनपासून पावसाळ्यातली मासेमारी बंदी आहे, बोट वर ओढून शाकारलेली, त्यामुळे मिस्टर दिवसभर घरात, बोलणं जवळपास बंद आणि बोलले तर ओरडूनच. मुलगा ९ वर्षांचा, शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतो आणि आठवड्यातून दोनतीनदा अंथरूण ओलं करतो, जे पाच वर्षांचा झाल्यापासून त्याने कधी केलं नव्हतं. मुलगी १४ ची, तुमच्याच शब्दांत "खूप समजूतदार, तिचं काही टेन्शन नाही". सासूबाई म्हणतायत पोराला नजर लागलीय, देवळात गाऱ्हाणं घालू. पोरांना तुम्ही यातलं काही कळू दिलेलं नाही. आणि तुमचे प्रश्न तीन, परिस्थितीचा पोरांच्या मनावर परिणाम होत असेल का, मुलाला कुठे दाखवायचं, आणि माझं उत्तर मिस्टरांना वाचून दाखवू का.

या सगळ्याच्या मध्ये तुम्ही कंसात एक ओळ टाकलीय. (मला पण पहाटे तीन साडेतीनला जाग येते आणि मग झोप नाही, पण ते असो.)

ते असो नाही ताई. माझ्या दृष्टीने तुमच्या अख्ख्या प्रश्नात सगळ्यात कामाची ओळ ती आहे आणि मी तिच्याकडे परत येणार आहे.

आधी डॉक्टरांचं, कारण ते उद्याच्या उद्या करता येण्यासारखं आहे. पोटदुखी मनातूनच आहे असं मी इथे बसून ठरवू शकत नाही आणि दुसऱ्या कोणीही ठरवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दापोलीला बालरोगतज्ज्ञांकडे एकदा दाखवा. लघवी तपासा, रक्तातली साखर तपासा, जंतांचं विचारा, आणि शौचाला रोज साफ होते का ते स्वतः बघा, कारण आतड्यात शौचाचा कडक खडा साठून राहिला की त्याचा दाब मूत्राशयावर येतो आणि पोरं झोपेत अंथरूण ओलं करतात, हे कितीतरी घरांत लक्षातच येत नाही. दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, वजन उतरत असेल, ताप, सारख्या उलट्या, शौचातून रक्त असं काही असेल तर वाट बघायची नाही. पण तुम्ही हेही लिहिलंय की रविवारी दुखत नाही, आणि तुमच्याबरोबर चार दिवस मामाकडे होता तेव्हा पोट पण ठीक आणि अंथरूण पण कोरडं. चार वर्षं कोरडं राहिलेलं पोर परत ओलं करायला लागतं तेव्हा मुलांबरोबर काम करणारे आम्ही लोक दोन्हीकडे बघतो, शरीराकडे पण आणि घराकडे पण.

आणि दुखतं ते खरं दुखतं हां. नाटक समजून रागावू नका. धास्ती बसली की आतड्यांची हालचाल बदलते, पोटात मुरडा येतो, आपल्याला परीक्षेच्या आधी चारदा संडासला जावं लागायचं तोच प्रकार. नऊ वर्षांच्या पोराला "मला घरातलं वातावरण बघून भीती वाटते" असं म्हणता येत नाही, म्हणून त्याचं पोट बोलतं. शाळेत कोण त्रास देतंय का, बाई मारतात का हे विचाराच, पण माझा अनुभव असा की अशा पोरांना बऱ्याचदा शाळेची भीती नसते, घर सोडून जायची असते. मी नसताना घरी काय होईल, बाबा आईला काय बोलतील, आई रडेल का, बँकेचा माणूस येईल का. म्हणून रविवारी दुखत नाही, रविवारी तो घरीच असतो, पहाऱ्यावर.

आता "पोरांना काही कळू दिलेलं नाही" याबद्दल. इथे मी माझंच सांगते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि त्यात कोकणातले किती होते ते आपल्याकडे कुठल्याही वाडीत विचारलंत तरी कळेल. माझे बाबा त्यातलेच. आम्ही गावी, राजापूर तालुक्यात, आई आजी आणि आम्ही भावंडं. मी दहा वर्षांची, चौथीत. पाचवीत गेल्यावर भूमिती येणार म्हणून मी दिवाळीतच बाबांकडे नवीन कंपासपेटी मागून ठेवली होती, एकदा पत्रातही आठवण करून दिली होती. शिमग्याला बाबा आले ते परत गेलेच नाहीत. घरात कोणी काही सांगितलं नाही. माजघरात आई आणि आजी बोलत असायच्या, मी आत गेले की गप्प व्हायच्या. बाबा दिवसभर पडवीत रस्त्याकडे तोंड करून बसलेले. मग मी माझ्यापुरता हिशेब लावला की माझ्या कंपासपेटीने पैसे संपले आणि म्हणून बाबांना नोकरी सोडून यावं लागलं. आज हे वाचताना वाटेल की काहीतरीच, पण माझ्या डोक्यात ते अगदी पक्कं होतं. पाचवीचं अख्खं वर्ष मी मैत्रिणीची कंपास मागून भूमिती केली आणि घरी सांगितलं की बाई आणू नका म्हणतात. आईला हे सांगितलं तेव्हा मी २८ वर्षांची होते. ती म्हणाली, "अगो बाय, आमका वाटला तुका काय कळत नाय."

गेली २४ वर्षं मी याच जिल्ह्यात मुलांबरोबर आणि आईबापांबरोबर काम करतेय, आणि प्रत्येक मुलाला, मग ते बोलणारं असो नाहीतर मुकं बसणारं, मी हा प्रश्न विचारतेच की घरात काय चाललंय असं तुला वाटतं. उत्तरं ऐकून आईबाप हादरतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतेय.) एका मुलाला वाटत होतं की त्याच्या ट्यूशनच्या फीमुळे बाबा दारू प्यायला लागले. एका आंबा बागायतदाराच्या मुलीची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही, त्या वर्षी मोहर गळला, घर कर्जात गेलं, आणि बारा वर्षांच्या त्या पोरीला खात्री होती की ती अडचणीची (पाळीत) असताना कलमांखालून गेली म्हणून सगळं झालं. कोणी तिला तोंडावर बोललं नव्हतं, आजी एकदा नुसती पुटपुटली होती. दीड वर्षं ती हे घेऊन फिरत होती आणि घरचे म्हणत होते अभ्यासात लक्ष नाही हिचं.

म्हणजे आपण काही सांगितलं नाही की पोरांच्या मनात काही नसतं असं होत नाही. त्यांना ताट आपटल्याचं कळतं, मंगळसूत्राच्या जागी काळी पोत आली ते कळतं, फोन आला की बाबा उठून मागच्या पडवीत जातात ते कळतं. कारण तेवढं कळत नाही, मग ते स्वतःच कारण होतात.

तुमचा पहिला प्रश्न, परिस्थितीचा परिणाम होतो का. होतो. पण कसा होतो ते कळलं तर कुठे हात घालायचा ते कळेल. अमेरिकेत आयोवा राज्यात १९८० च्या दशकात शेतकरी कर्जात बुडाले, जमिनीचे भाव पडले, आणि रँड काँगर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला. त्यांना दिसलं ते असं की पैशाची ओढाताण पोरापर्यंत बरीचशी आईबापाच्या अंगावरून येते. कर्जाने बाप खचतो, आई खचते, दोघांत खटके उडायला लागतात, मग पोराशी बोलणं एकतर तुटतं नाहीतर तुसडं होतं, आणि तिथून ते पोराच्या मनात उतरतं. आयोवातले मक्याचे शेतकरी आणि हर्णैचा बोटवाला, मधे किती हजार मैल समुद्र, पण मी ही साखळी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमची पडवी दिसली.

यावरून कोणी म्हणायला लागलं की पैशाचं काही नाही हो, घरात प्रेम असलं की झालं, तर मला खरंच राग येतो. अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलिनात जेन कॉस्टेलो आणि त्यांची टीम १९९३ पासून मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करत होती, त्यात चेरोकी आदिवासींची पण मुलं होती. अभ्यास चालू असतानाच त्या लोकांच्या जमिनीवर कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा घराघरात यायला लागला. जी घरं गरिबीतून वर आली त्यांच्या पोरांची मारामारी, आडदांडपणा, नियम मोडणं कमी होत होत कधीच गरीब नसलेल्या पोरांएवढ्यावर आलं. पोरं तीच, आईबाप तेच, फक्त पैसे आले, आणि त्यामुळे मोठ्यांना पोरांकडे बघायला सवड मिळाली. मनातली उदासी आणि धास्ती मात्र तेवढी हलली नाही, हेही त्यांना दिसलं. म्हणून मी दोन्ही सांगते. बँकेत दोघांनी मिळून जाऊन हप्ते पुन्हा बांधून मागणं, डिझेल परताव्याचं काय अडलंय ते मच्छीमार सोसायटीत विचारणं, किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू झालंय त्याची चौकशी करणं, ही तुमच्या मुलाच्या उपचारातली कामं आहेत. मी माझ्या वहीत ती औषधाच्या खाली लिहिते. आणि त्याचबरोबर घरातल्या माणसांच्या मनाचं बघायचं, कारण कर्ज फिटायला वेळ लागेल आणि पोरगा तोपर्यंत दहा अकरा वर्षांचा होईल.

आता तुमची झोप. पहाटे तीन साडेतीनला जाग येणं, मग डोक्यात हिशेब चालू होणं, हे रोज होत असेल आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर ते नुसतं टेन्शन नसू शकतं, उदासीनतेच्या आजाराची ती नेहमीची खूण आहे. स्वतःला विचारा, जेवण जातंय का, बाजारात मासळी विकताना पूर्वीसारखं बोलणं होतं का की नको वाटतं कोणाशी बोलायला, कारण नसताना रडू येतं का, आपण नसतो तर बरं झालं असतं असं येतं का मनात. शेवटच्याचं उत्तर हो असेल तर आजच कोणालातरी सांगायचं, बहिणीला सांगा, शेजारणीला सांगा, आणि १४४१६ ला फोन करा. ही मनाच्या त्रासासाठीची टेलिमानस सेवा आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

यात स्वतःकडे बघणं म्हणजे पोराकडे दुर्लक्ष असं समजू नका. २००६ मध्ये मायर्ना वाइसमन यांच्या टीमने उदासीनतेवर उपचार घेणाऱ्या आयांची आणि त्यांच्या मुलांची, १५१ जोड्यांची, तपासणी छापली. उपचार आयांना चालू होते, मुलांना त्यांनी काही दिलं नव्हतं. तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांमधलं मानसिक त्रासाचं प्रमाण ११ टक्क्यांनी उतरलं, आणि ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांमध्ये ते ८ टक्क्यांनी वाढलं. कृपा करून हे "आईमुळे झालं" असं वाचू नका, आपल्याकडे तसं वाचायची सवयच आहे सगळ्यांना. मी ते असं वाचते की आईला औषध द्या, पोर पण सुधारतं. आणि उपचार म्हणजे लगेच "रत्नांग्रीला न्यायला लागणार" असंही नाही. आपल्याकडे मनोरुग्णालयाचं नाव शिवीसारखं वापरतात त्याने किती बायका घरात कुढत राहिल्या ते मी बघितलंय. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचा बाह्यरुग्ण विभाग असतो, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना नुसतं "मला तीन आठवडे झोप नाही" एवढं म्हणालात तरी सुरुवात होते. मुलाला दाखवायला जाल तेव्हाच तुमचा पण केसपेपर काढा, दोन फेऱ्या नकोत.

मिस्टरांचं थोडं वेगळं असतं. बाप्यांची उदासी रडण्यातून कमी आणि रागातून, दारूतून, गप्प बसण्यातून जास्त दिसते. ज्या माणसाला बारा माणसं बंदरात नावाने हाक मारतात, जो रात्री दोनला उठून बोट काढतो, तो बंदीचे ६१ दिवस घरात बसतो तेव्हा त्याला आपण कोणी नाही असं वाटायला लागतं, आणि यावर्षी तर ३१ जुलै संपल्यावर सुद्धा बोट पाण्यात घालायला पैसे कुठून आणायचे हा घोर आहेच. मासळी कमी झाली, एलईडी दिवे लावून मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे तरी तक्रारी संपत नाहीत, वादळाच्या इशाऱ्याने ऐन हंगामातले दिवस फुकट जातात, यातलं काही त्यांच्या हातात नाही पण लाज मात्र त्यांनाच वाटते. त्यांना "तुमच्या ओरडण्यामुळे पोरगा आजारी पडला" असं म्हणू नका. एकतर ते अर्धंच खरं आहे आणि दुसरं म्हणजे त्याने ते अजून आत जातील. त्यापेक्षा काम द्या. जाळी सांधायला बसतील तेव्हा पोराला बाजूला बसवा, गाठ कशी मारायची ते बाबांनी दाखवायचं, बोलणं झालं तर झालं नाही झालं तर नाही. बापाच्या शेजारी अर्धा तास बसून सुद्धा काही वाईट घडलं नाही, हे त्या पोराच्या पोटाला कळायला हवंय.

भांडणं होणार, ती थांबवा असं मी सांगणार नाही, कर्जातल्या घरात न भांडता कोण राहतं. पण भांडण पोरांसमोर झालं तर मिटलेलं पण त्यांच्यासमोर दिसू द्या. आपण काय करतो, भांडतो सगळ्यांसमोर आणि समेट रात्री पोरं झोपल्यावर, मग पोराच्या हिशेबाने ते भांडण चालूच राहतं. सकाळी चहा देताना "काल मी जास्त बोललो" एवढं एक वाक्य त्याच्या कानावर पडलं तरी फार फरक पडतो.

आता मुलगी. खरं सांगू का, मला मुलापेक्षा तिची जास्त काळजी वाटली. मुलाचं पोट तरी बोलतंय. चौदा वर्षांची पोरगी भाकऱ्या करते, भावाचं अंथरूण तुम्ही उठायच्या आत धुऊन टाकते, सहलीची नोटीस दप्तरातच ठेवते, आणि तुम्ही रडलात की पाठीवरून हात फिरवते, हे सगळं तुम्ही कौतुकाने लिहिलंय आणि कौतुक आहेच. कामाला माझा विरोध नाही. ग्लेन एल्डर यांनी १९३० च्या मंदीत वाढलेल्या कॅलिफोर्नियातल्या मुलांचा अभ्यास केला त्यात दिसलं की ज्या मोठ्या मुलांना घर चालवायला हातभार लावावा लागला ती उलट जबाबदार, खंबीर झाली. आपल्याला कोणीतरी गरजेचं मानतंय हे चांगलंच असतं. पण घरकामाला हात लावणं वेगळं आणि आईचं मन सांभाळणं वेगळं. हंडा जड झाला तर खाली ठेवता येतो, आईचं रडणं कुठे ठेवणार ती. तिला तुम्ही एकदा बाजूला घेऊन सांगा की माझं मी बहिणीशी बोलतेय, डॉक्टरांकडे पण जाणार आहे, तू मला सांभाळायचं नाहीस. आणि सहलीचं स्वतः विचारा. पैसे नसतील तर नाही म्हणा, पण नाही तुम्ही म्हणा, तिने मनातल्या मनात आधीच म्हणून टाकलेलं नको.

मग पोरांना सांगायचं काय. सगळं सांगायचं नाही. कर्जाचा आकडा, काकांशी झालेलं वाटणीचं भांडण, बँकेचा माणूस काय बोलला, हे त्यांच्या वयाचं नाही. दोघांनी मिळून, जेवणं झाल्यावर, दहा मिनिटं. मी घरांना देते ते शब्द साधारण असे असतात: "यावर्षी मासळी कमी मिळाली म्हणून आपल्याकडे पैसे कमी आहेत आणि आम्हाला त्याची काळजी आहे. त्यामुळे बाबा चिडतात, आई गप्प असते. तुम्ही काही केलं म्हणून हे झालेलं नाही. बाबा आणि काका बँकेत जाऊन बोलणार आहेत. तुमची शाळा चालू राहणार, आजी इथेच असणार. नवीन दप्तर यावर्षी नाही." बस. जे खात्रीने खरं आहे तेवढंच. "सगळं ठीक होईल" असं वचन देऊ नका, नारळी पौर्णिमेला बोट गेली नाही तर तुमचा शब्द पडेल आणि पोराला पुढच्या वेळी तुमच्या कुठल्याच वाक्याचा आधार वाटणार नाही. आणि सांगून झाल्यावर विचारा, तुला काय वाटत होतं? मग गप्प बसा. लगेच उत्तर येणार नाही, दोन दिवसांनी भलत्याच वेळी, वाण्याकडे जाताना, येईल. तेव्हा हसू नका, "वेडा आहेस का" म्हणू नका.

 

सासूबाईंचं सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून आत आलं आणि दापोली मंडणगडची काय दशा झाली ते तुम्ही भोगलंयत, मी नव्याने सांगायला नको. त्यानंतर पोरं माझ्याकडे यायला लागली, वारा सुटला की कॉटखाली जाणारी, शाळेत पत्रा वाजला की रडणारी. एकाच वाडीत छप्पर गेलेल्या दोन घरांतली पोरं, एक वर्षभर झोपेत दचकत होतं आणि दुसरं दोन महिन्यांत सावरलं. सावरलेल्याच्या घरी पैसे जास्त नव्हते. आजी होती. ती त्याला घेऊन पडलेल्या माडाचे नारळ गोळा करायची, रात्री कुशीत घेऊन वादळात काय काय झालं ते परत परत त्याच्याकडून सांगून घ्यायची आणि न कंटाळता ऐकायची. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी ती चाळिशीची होईपर्यंत पाठपुरावा केला. साधारण एक तृतीयांश मुलं अडचणीतल्या घरांत वाढत होती, गरिबी, भांडणं, आईबापाची दारू नाहीतर मानसिक आजार. त्यातल्या तिघांपैकी दोघांना पुढे त्रास झाला पण एक धड उभं राहिलं, आणि उभी राहिलेल्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एकतरी भरवशाचं माणूस सापडलं, आजी, मावशी, शेजारीण, शाळेतल्या बाई. तेव्हा सासूबाईंना गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू दे, वाद घालू नका, फक्त दृष्ट काढताना त्यांनी पोरासमोर "कोणी केलं" याची चर्चा करू नये. आणि रात्री त्याला त्यांच्या शेजारी झोपू दे. ओलं झालं तर चादर आजीने गुपचूप बदलायची, मुलीने नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते कारण तुम्ही ती लिहिलेली नाही आणि नसेलच अशी आशा आहे. हात उगारणं चालू असेल, तुमच्यावर किंवा पोरांवर, तर वर सांगितलेलं समजुतीने घेणं तिथे लागू नाही. तिथे आधी तुम्ही तिघं सुरक्षित, मग बाकी सगळं. ११२ पोलिसांसाठी, १०९८ मुलांसाठी. माहेरी जायला लागलं तर जा. दारू रोजची झाली असेल तर ती पण आजार म्हणूनच दाखवायची, शपथा घालून सुटत नाही.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, हे मिस्टरांना वाचून दाखवू का. दाखवा, पण सगळं एका बैठकीत नको. आयोवातले कर्जातले शेतकरी आणि जाळी सांधायचं, एवढंच आधी वाचा, तुमच्या झोपेचं आणि औषधाचं मागून. "हे सगळं शिकलेल्यांचं आहे" म्हणून उठून गेले तर जाऊ द्या, मागे लागू नका. दोन दिवसांनी नुसतं एवढं म्हणा की सोमवारी मी पोराला घेऊन दापोलीला जातेय, मला पण दाखवायचंय, तुम्ही येता का बरोबर? नाही आले तरी तुम्ही जाच, आणि तपासण्यांचं काय निघालं ते मला कळवा, मी वाट बघतेय.